समाजाचा अभ्यासक : इब्न खल्दून

विद्यार्थी मित्रांनो, आज शाळेत येण्यापूर्वी तुम्ही रोटी खाल्ली असेल. ती रोटी तुमच्या ताटात येण्यासाठी किती हात राबले, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? शेतकऱ्याने गहू पेरला व कापला. त्याचा नांगर सुताराने घडवला आणि नांगराचा फाळ लोहाराने केला. कोणी गहू दळला, कोणी कणीक मळली, कोणी रोटी भाजली. एकट्या माणसाला हे सर्व जमले असते का? मुळीच नाही. एका दिवसाचे पोट भरायलाही माणसाला इतर माणसांची मदत लागते.

ही साधी गोष्ट सहाशे वर्षांपूर्वी एका विद्वानाने आपल्या ग्रंथाच्या आरंभी मांडली. तेथून सुरुवात करून त्यांनी साऱ्या मानवी समाजाचा विचार केला. माणसे एकत्र का येतात? राज्ये कशी उभी राहतात आणि का कोसळतात? एक माणूस धीट आणि दुसरा भित्रा का होतो? अशा प्रश्नांची उत्तरे शोधण्यात त्यांनी आपली बुद्धी खर्च केली. त्या थोर विद्वानाचे नाव इब्न खल्दून.

त्यांचे मूळ नाव अब्दुर्रहमान. २७ मे १३३२ रोजी उत्तर आफ्रिकेतील ट्यूनिस शहरात त्यांचा जन्म झाला. त्यांचे पूर्वज येमेनमधील हद्रमौत भागातले. ते पुढे स्पेनमध्ये गेले आणि सेव्हिल शहरात मोठ्या हुद्द्यांवर पोहोचले. तेराव्या शतकात स्पेनमधील ख्रिस्ती राजांची सत्ता दक्षिणेकडे वाढू लागली. १२४८ साली सेव्हिल त्यांच्या हाती गेले. त्यापूर्वीच खल्दून घराणे ते शहर सोडून समुद्रापलीकडे आफ्रिकेत आले होते. त्यामुळे अब्दुर्रहमान यांच्या घरात जुन्या वैभवाच्या आठवणी होत्या, पण ते वैभव उरले नव्हते. वडिलांनी दरबाराचा मार्ग सोडून अध्ययनाचा मार्ग धरला होता. त्यांच्या देखरेखीखाली मुलाने कुरआन पाठ केले, अरबी व्याकरण आणि कायदा शिकला. पुढे अल्‌-आबिली नावाच्या विद्वान गुरूंकडे त्यांनी गणित व तर्कशास्त्र यांचा अभ्यास केला.

सारे सुरळीत चालले होते. इतक्यात १३४८ साली प्लेगची भयंकर साथ आली. ही साथ आशिया, युरोप आणि आफ्रिका या तिन्ही खंडांत पसरली होती. गावेच्या गावे ओस पडली. या साथीत इब्न खल्दून यांचे आई-वडील गेले. त्यांचे अनेक शिक्षकही गेले. तेव्हा त्यांचे वय सोळा-सतरा वर्षांचे होते. थोड्याच काळात अल्‌-आबिली हेही ट्यूनिस सोडून गेले. ज्या वयात तुम्ही शाळा संपवून पुढचा विचार करता, त्या वयात या मुलाचे घर आणि शाळा दोन्ही उद्ध्वस्त झाली. या आपत्तीने त्यांना एक गोष्ट शिकवली. जग आज जसे दिसते तसेच ते कायम राहत नाही. ते बदलते, आणि कधी कधी मुळापासून बदलते.

वयाच्या विशीत त्यांना ट्यूनिसच्या दरबारात पहिली नोकरी मिळाली. राजपत्राच्या वरच्या भागात ठळक अक्षरांत ईश्वराच्या स्तुतीचे शब्द लिहायचे, एवढेच काम होते. पण तरुण इब्न खल्दून यांची आकांक्षा मोठी होती. १३५४ साली ते आजच्या मोरोक्को देशातील फेझ शहरी गेले आणि तेथील सुलतान अबू इनान याच्या दरबारात राहिले. फेझमध्ये मोठमोठ्या विद्वानांचा सहवास लाभला. परंतु सुलतानाला त्यांच्याविषयी संशय आला. कटात सामील असल्याच्या आरोपावरून १३५७ साली त्यांना तुरुंगात टाकण्यात आले. सुमारे दोन वर्षे ते कैदेत होते. १३५८ साली सुलतान मरण पावला, तेव्हाच त्यांची सुटका झाली.

फेझच्या दरबारातील एक प्रसंग त्यांनी आपल्या ग्रंथात नोंदवला आहे, आणि त्याचा आपल्या देशाशी संबंध आहे. प्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता त्याच सुमारास आपला लांबचा प्रवास संपवून तेथे परतला होता. त्याने दिल्लीत मुहम्मद बिन तुघलकाच्या दरबारी नोकरी केली होती आणि आपल्या महाराष्ट्रातील दौलताबादही पाहिले होते. तो दिल्लीच्या सुलतानाच्या औदार्याच्या गोष्टी सांगे. सुलतान राजधानीत परत येतो तेव्हा हत्तींवरील यंत्रांतून लोकांवर नाण्यांचा वर्षाव होतो, असे तो वर्णन करी. दरबारातील लोक ते ऐकून हसत आणि त्याला खोटारडा म्हणत. इब्न खल्दून यांनाही त्या गोष्टी पटल्या नाहीत. तेव्हा तेथील एका वजिराने त्यांना एक कथा सांगितली.

ती कथा अशी. एका वजिराला राजाने कैदेत टाकले. त्याचा लहान मुलगा तुरुंगातच वाढला. एकदा मुलाने वडिलांना विचारले की आपण खातो ते मांस कोणत्या प्राण्याचे असते. वडिलांनी मेंढीचे वर्णन केले. मुलाने लगेच विचारले, की मेंढी उंदरासारखी असते का. त्या बिचाऱ्याने तुरुंगात उंदराशिवाय दुसरा प्राणीच पाहिला नव्हता! आपण पाहिले नाही म्हणून एखादी गोष्ट खोटी ठरत नाही, हे इब्न खल्दून यांना पटले. पण ऐकली म्हणून ती खरीही ठरत नाही. मग खरे-खोटे ठरवावे कसे? हा प्रश्न त्यांच्या मनात रुजला आणि पुढे त्याचेच एक नवे शास्त्र झाले.

सुटकेनंतरही त्यांना स्वस्थता लाभली नाही. त्या काळी उत्तर आफ्रिकेत ट्यूनिस, त्लेमसेन आणि फेझ येथे तीन राजघराणी राज्य करीत होती. त्यांची आपसांत सतत युद्धे चालत. भाऊ भावाविरुद्ध आणि पुतण्या काकाविरुद्ध उठे. इब्न खल्दून १३६२ साली स्पेनमधील ग्रॅनाडा राज्यात गेले. १३६४ साली तेथील सुलतानाने त्यांना कॅस्टिलचा राजा पेद्रो याच्याकडे वकील म्हणून पाठवले. ही भेट त्यांच्या पूर्वजांच्या सेव्हिल शहरात झाली. तुम्ही येथेच राहा, तुमच्या घराण्याची जुनी मालमत्ता परत देतो, असे पेद्रोने त्यांना सुचवले. इब्न खल्दून यांनी ते नम्रपणे नाकारले.

पुढच्याच वर्षी ते बिजाया या बंदराच्या शहरी मुख्य वजीर झाले. डोंगरी टोळ्यांकडून कर गोळा करण्यासाठी ते स्वतः त्यांच्यात जात. परंतु १३६६ साली तेथील अमीर लढाईत मारला गेला आणि इब्न खल्दून यांनी शहर विजेत्याच्या स्वाधीन केले. त्यानंतर जवळजवळ नऊ वर्षे ते एका दरबारातून दुसऱ्या दरबारात, एका टोळीतून दुसऱ्या टोळीत फिरत राहिले. आज ज्याच्या पदरी असावे, तो उद्या सिंहासनावर नसे.

अखेर या धावपळीला ते कंटाळले. १३७५ साली ते आपल्या कुटुंबासह आजच्या अल्जेरिया देशातील कलआ इब्न सलामा नावाच्या गढीत जाऊन राहिले. सभोवार मोकळा माळ होता. दरबार दूर होता. वयाची त्रेचाळीस वर्षे उलटली होती, आणि राजकारणात त्यांच्या हाती काहीच लागले नव्हते. अशा वेळी माणूस काय करतो? कोणी नशिबाला बोल लावतो, कोणी शत्रूंना शिव्या देतो. इब्न खल्दून यांनी वेगळेच केले. हे सारे असे का घडते, आणि पुन्हा पुन्हा का घडते, याचा त्यांनी शोध सुरू केला.

तेथे ते जवळजवळ चार वर्षे राहिले. १३७७ साली अवघ्या पाच महिन्यांत त्यांनी आपल्या मोठ्या इतिहासग्रंथाची प्रस्तावना लिहून पूर्ण केली. हाच तो जगप्रसिद्ध ‘मुकद्दिमा’. मुकद्दिमा म्हणजे पुढे ठेवलेले. मराठीतला ‘मुकादम’ हा शब्दही त्याच मुळाचा आहे. मुकादम म्हणजे माणसांच्या पुढे असणारा. या प्रस्तावनेत त्यांनी एका नव्या विद्येची मांडणी केली आणि तिला ‘इल्मुल उमरान’ म्हटले. उमरान म्हणजे वस्ती, माणसांचे एकत्र राहणे. उर्दूत समाजशास्त्राला तुम्ही ‘उमरानियात’ म्हणता ना? त्या शब्दाचे मूळ हेच.

या विद्येचा उपयोग कसा होतो, हे एका उदाहरणावरून पाहा. हजरत मूसा यांच्या काळातील सैन्याची संख्या जुन्या इतिहासकारांनी सहा लाखांहून अधिक दिली होती. शेकडो वर्षे लोक ती संख्या जशीच्या तशी लिहीत आले. इब्न खल्दून यांनी तिला साधे प्रश्न विचारले. एवढ्या मोठ्या सैन्याला उभे राहायला जागा कोठे होती? एका टोकाला काय चालले आहे, ते दुसऱ्या टोकाला कसे कळणार? त्याहून कितीतरी मोठ्या इराणच्या साम्राज्याने कादिसियाच्या लढाईत सुमारे एक लाख वीस हजार सैन्य आणले होते, मग त्या लहान समाजाकडे सहा लाख कोठून आले? चार पिढ्यांत एका कुटुंबाची संख्या एवढी वाढू शकते का? सांगणारा मोठा आहे म्हणून विश्वास ठेवू नये. समाजात असे घडू शकते का, ते आधी तपासावे, हा त्यांचा नियम होता. तुरुंगातल्या मुलाच्या कथेने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांना असे सापडले.

याच नियमाने त्यांनी राज्यांचा विचार केला. वाळवंटात आणि डोंगरात राहणाऱ्या लोकांचे जीवन खडतर असते. तेथे एकट्याने जगता येत नाही. म्हणून ते एकमेकांसाठी प्राण द्यायला तयार असतात. या घट्ट एकजुटीला त्यांनी ‘असबिय्या’ असे नाव दिले. उर्दूत असबियत हा शब्द दुराग्रह या वाईट अर्थाने वापरतात. इब्न खल्दून यांचा अर्थ मात्र गटाला बांधून ठेवणारी आपलेपणाची शक्ती असा होता. या शक्तीच्या बळावर एखादी टोळी शहर जिंकते आणि राज्य स्थापन करते. पहिली पिढी कष्ट विसरत नाही. दुसरी पिढी महालात वाढते. तिने कष्ट पाहिलेले असतात, सोसलेले नसतात. तिसऱ्या पिढीला ते ठाऊकच नसतात. तिला आपल्या माणसांचा आधार उरत नाही, म्हणून ती भाडोत्री सैनिक ठेवते. खर्च वाढतो, मग कर वाढतात. कर वाढले की शेतकरी व व्यापारी यांचा उत्साह मावळतो. राज्याच्या आरंभी कराचा दर कमी असूनही खजिना भरतो आणि शेवटी दर वाढवूनही तो रिकामा राहतो, असे त्यांनी दाखवून दिले. तेवढ्यात बाहेरून दुसरी खडतर टोळी येते आणि चक्र पुन्हा फिरू लागते. चाळीस वर्षांची एक पिढी धरली तर असे राज्य सुमारे एकशे वीस वर्षे टिकते, असा त्यांचा हिशेब होता.

हा सिद्धांत केवळ राजांपुरता नाही. माणूस आपल्या जन्मजात स्वभावापेक्षा आपल्या सवयींनी घडतो, असे इब्न खल्दून मानत. शहरातला माणूस तटबंदी आणि पहारेकरी यांच्या भरवशावर निर्धास्त झोपतो, म्हणून धैर्य त्याच्या अंगवळणी पडत नाही. माळावरचा माणूस स्वतःच स्वतःचा पहारेकरी असतो, म्हणून तो धीट होतो. दोघांचे रक्त वेगळे नसते, जगणे वेगळे असते.

शिक्षणाविषयीही त्यांनी असाच विचार मांडला. ज्या मुलाला सतत मार व दरारा यांखाली ठेवले जाते, तो आळशी होतो आणि मार चुकवण्यासाठी खोटे बोलायला शिकतो. हळूहळू खोटेपणा ही त्याची सवय बनते आणि त्याचा स्वाभिमान मरतो. जुलमाखाली राहणाऱ्या संपूर्ण समाजाचेही असेच होते, असे त्यांनी पुढे जोडले. चौदाव्या शतकातला एक माणूस खोटे बोलणाऱ्या मुलाकडे पाहून त्याच्या शिक्षकाच्या हातातील छडीचा विचार करीत होता, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

१३८२ साली इब्न खल्दून हजला जाण्याची परवानगी घेऊन ट्यूनिसहून निघाले आणि इजिप्तमध्ये पोहोचले. कैरो शहराचे वैभव पाहून ते थक्क झाले. तेथे त्यांनी अल्‌-अजहरमध्ये शिकवले. १३८४ साली सुलतान बरकूक याने त्यांना मालिकी पंथाचे मुख्य काझी नेमले. त्यांनी लाच, वशिला आणि खोटे साक्षीदार यांविरुद्ध कडक धोरण धरले. त्यामुळे त्यांना अनेक शत्रू झाले. त्याच वर्षी त्यांच्यावर आणखी एक घाला पडला. ट्यूनिसहून त्यांच्या कुटुंबाला घेऊन येणारे जहाज अलेक्झांड्रियाजवळ वादळात बुडाले. पत्नी आणि मुली गेल्या. तरुणपणी प्लेगने आई-वडील नेले होते, आता उतारवयात समुद्राने कुटुंब नेले. काझीचे पदही लवकरच गेले. ते पुन्हा पुस्तकांकडे वळले आणि १३८७ साली त्यांनी हज केला. पुढे त्यांना काझीपद अनेकदा मिळाले आणि अनेकदा काढून घेतले गेले. एकूण सहा वेळा त्यांची नेमणूक झाली.

१४०१ च्या जानेवारीत एक विलक्षण भेट घडली. तैमूरलंगाने दमास्कसला वेढा घातला होता. हाच तैमूर, ज्याने १३९८ साली दिल्ली लुटली होती. इजिप्तचा सुलतान घाईने कैरोला परतला आणि इब्न खल्दून वेढलेल्या शहरातच राहिले. अडुसष्ट वर्षांचा हा वृद्ध विद्वान दोराच्या साहाय्याने तटावरून खाली उतरला आणि तैमूरच्या छावणीत गेला. तैमूरने त्यांना उत्तर आफ्रिकेविषयी बारकाईने प्रश्न विचारले. इब्न खल्दून यांनी त्याच्याशी असबिय्याविषयीही चर्चा केली. ज्या शक्तीविषयी त्यांनी ग्रंथ लिहिला होता, ती जणू त्यांच्यासमोर बसली होती. आपल्या काही सहकाऱ्यांसाठी त्यांनी अभय मिळवले. पण दमास्कस वाचले नाही. शहर लुटले गेले आणि जाळले गेले. ज्ञानाने कारणे कळतात, पण प्रत्येक वेळी संकट टाळता येते असे नाही.

१७ मार्च १४०६ रोजी कैरो येथे त्यांचे निधन झाले. पुढे तुर्की विद्वानांनी ‘मुकद्दिमा’ अभ्यासला. एकोणिसाव्या शतकात तो कैरो व पॅरिस येथे छापला गेला आणि युरोपातील विद्वान चकित झाले. फ्रान्सच्या ऑग्युस्त कोंत यांनी १८३८ च्या सुमारास समाजाच्या शास्त्राला नाव दिले होते. परंतु तशा शास्त्राची मांडणी त्यापूर्वी साडेचारशे वर्षे आफ्रिकेतील एका गढीत झाली होती. आज ट्यूनिस शहराच्या मुख्य रस्त्यावर इब्न खल्दून यांचा पुतळा उभा आहे.

मित्रांनो, थोर माणसाचा प्रत्येक शब्द खरा मानावा असे मात्र नाही. उस्मानी तुर्कांची सत्ता तेराव्या शतकाच्या शेवटी उदयाला आली आणि १९२२ पर्यंत टिकली. तिला एकशे वीस वर्षांचा हिशेब लागू पडला नाही. माणसाच्या कातडीचा रंग शापामुळे नव्हे तर हवामानामुळे बदलतो, असे सांगून इब्न खल्दून यांनी एक जुनी भ्रामक समजूत खोडून काढली. पण दूरच्या प्रदेशांतील लोकांच्या स्वभावाविषयी त्यांनी काही कठोर व चुकीची मते लिहिली. स्वतःचा तपासणीचा नियम तेथे ते विसरले. तो नियम आपण त्यांनाही लावावा, यातच त्यांचा खरा मान आहे.

त्यांनी अनेकदा पक्ष बदलला म्हणून काहींनी त्यांना दोषही दिला. त्यांच्या काळात राज्येच टिकत नव्हती, हे त्याचे कारण आहे. पण कारण कळले म्हणजे दोष पुसला गेला असे नाही. कारण कळले की आपला निवाडा रागाने होत नाही, एवढेच.

म्हणून तुमच्या वर्गात एखादा मुलगा रोज उशिरा येत असेल, एखादी मुलगी प्रश्न विचारल्यावर गप्प राहत असेल, तर त्यांना लगेच आळशी किंवा मठ्ठ म्हणू नका. तो सकाळी कोणते काम करून येतो? तिच्या बोलण्याला पूर्वी कोणी हसले होते का? एखाद्या गावाविषयी, जमातीविषयी किंवा शेजाऱ्याविषयी काही ऐकले तर ते पुढे सांगण्यापूर्वी स्वतःला विचारा, असे घडू शकते का? आपण त्या तुरुंगातल्या मुलासारखे मेंढीला उंदीर तर समजत नाही ना? हे प्रश्न विचारायला मोठा ग्रंथ लागत नाही. ते तुम्ही आजपासून विचारू शकता.